‘सूतोवाच’ची कात्रणं : दोन महिन्यांच्या नोंदी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

काल विधानसभेचा निकाल लागला, त्यामुळे आज घरात सगळे टीव्हीसमोर. मी मात्र परराज्यातल्या एका संस्थेसाठी मराठी बातम्यांचं हिंदी करत बसले होते. बातमी ऑक्टोबरच्या सुरुवातीची, आचारसंहिता लागण्याआधीची. वाक्य साधं होतं: अमुक मंत्र्यांनी तालुक्यासाठी नव्या उपसा सिंचन योजनेचे सूतोवाच केले. मी ‘संकेत दिया’ लिहून पाठवलं. तासाभरात फोन आला. योजना येणार असं मंत्री म्हणाले, की नुसतं सुचवलं?

बातमी तीनदा वाचली. उत्तर बातमीत नव्हतं. सगळा भार त्या एका शब्दावर होता आणि तो शब्द मला नीट कळतो या समजुतीत मी पंधरा वर्षं अनुवाद करते आहे.

म्हणून हे काम काढलं. मराठी वर्तमानपत्रं ‘सूतोवाच’ कुठे, कुणाच्या नावे आणि कशासाठी वापरतात ते वाक्यं गोळा करून बघायचं. कोश शेवटपर्यंत उघडायचे नाहीत, कारण कोशातला अर्थ मला परीक्षेपुरता ठाऊक आहेच. मला तो बातमीत किती टिकतो ते हवंय. दुसऱ्या कुणाला दुसऱ्या शब्दावर असंच काम करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. चुका मुद्दाम ठेवल्या आहेत.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून नऊ किलो वर्तमानपत्रं आणली. घेतो बारा रुपये किलोने, मला दिली वीसने. “ताई, लोक देतात, नेत कुणी नाही,” म्हणाला. १८० रुपये.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

कालचा आणि आजचा दिवस इंटरनेटवर शोधण्यात घालवला, आणि दिवस गेला असंच म्हणायला हवं. शोधखिडकीत ‘सूतोवाच’ टाकून वाक्यं वहीत उतरवत होते. वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी सापडत होती. रात्री जेवताना सहज भाच्याला म्हटलं, तर त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवलं. त्याच्याकडे धो धो वाक्यं. त्याने ‘सुतोवाच’ टाकलं होतं, ऱ्हस्व.

म्हणजे मी शुद्ध लिहून शोधत होते आणि वर्तमानपत्रं भरपूर ठिकाणी अशुद्ध छापत होती. दोन दिवस पाण्यात. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी पहिल्या दिवशी त्या शब्दाची सगळी चुकीची रूपं कागदावर लिहून काढावीत आणि आधी तीच शोधावीत.

ही चूक का होते याचा अंदाज मात्र लगेच बांधता आला. शिवायचं सूत असतं, त्याचं ‘सुताला, सुताने’ होतं. सुतार, सुतळी, तिथेही ऱ्हस्व. हाताला तीच सवय. या शब्दातला सूत निराळा आहे, पण ते बातमी टाइप करणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं. भाच्याला तर हा शब्द ‘सूत्रांनी सांगितले’मधल्या सूत्रांपासून आलाय असं वाटत होतं. हसले, पण त्याची चूक पुढे बरीच उपयोगी पडली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

चार दिवस रद्दी. रोज दोन-अडीच तास. लाल पेन, कात्री, डिंक, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी मागची बाजू कार्ड म्हणून.

डोळे फार फसवतात. पहिल्या दिवशी मी मथळे नि पहिलं पान बारकाईने वाचलं आणि आतली पानं चाळली. दुसऱ्या दिवशी तीच पानं पुन्हा बघितली तेव्हा कळलं की शब्द राहतो आतल्या पानांवर: जिल्ह्याच्या पुरवणीत, सहकाराच्या पानावर, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेच्या बातमीत, बदली होऊन आलेल्या आयुक्तांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत. पहिल्या पानावर आला तर मथळ्याच्या शेपटीला: ‘पाणीपट्टीवाढीचे सूतोवाच’. क्रियापदाशिवाय मथळा बंद करता येतो, ही सोय मोठी. ‘पाणीपट्टी वाढणार’ लिहिलं तर वाढायला हवी. ‘सूतोवाच’ लिहिलं की उद्या न वाढली तरी मथळा खोटा पडत नाही.

आजची चूक जास्त महागाची. पहिल्या दोन दिवसांत कापलेल्या चौदा कात्रणांवर मी तारीख आणि पान लिहिलंच नाही. पानाच्या डोक्यावरची तारखेची पट्टी रद्दीत गेली, रद्दी सकाळी कामवाल्या मावशींनी काच पुसायला घेतली. आता या चौदा कात्रणांना आगापिछा नाही. एका पाकिटात घालून वर ‘बेवारस’ लिहिलं.

नियम: कात्री लावण्याआधी तारीख. नंतर नाही, आधी.

गुरुवार, ५ डिसेंबर

आझाद मैदानावर आज मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. बाकीचं मंत्रिमंडळ कधी, याच्या चर्चा आता जोरात चालणार, म्हणजे माझ्या शब्दाचा हंगाम. एका दैनिकाची महिन्याची ई-पेपर वर्गणी भरली, ९९ रुपये.

पैसे भरल्यावर कळलं की ई-पेपरची पानं उतरवून त्यातला मजकूर कॉपी केला तर हातात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला येतो. अक्षरं दिसतात मराठी, आत युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत, नाही. जुन्या पद्धतीचा फाँट. चित्रावरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. ते ‘सूतो’चं ‘सतो’ करतं, ‘सृतो’ही करतं, कारण लहान टंकात स-च्या पायातला ऊकार पुसट होतो. शेवटी ई-पेपर डोळ्यांनी वाचायचं ठरवलं. तसं वाचायचं तर रद्दी स्वस्त पडते.

ज्या संकेतस्थळांवर मजकूर खरा युनिकोडमध्ये आहे तिथल्या बातम्या भाच्याने एका फाइलीत गोळा करून दिल्या आणि पायथन या संगणकाच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. सगळे शब्द वेगळे काढायचे आणि मोजायचे. पहिल्या धावेत सर्वांत वर आलेले ‘शब्द’ होते: र, त, क, य. नुसती अक्षरं. दोघंही पडद्याकडे बघत राहिलो.

“मावशी, याला मात्रा कळत नाहीत.”

खरंच कळत नाहीत. पायथनच्या नेहमीच्या शोधसाधनात ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून जी खूण आहे ती काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘सूतोवाच’चे चार तुकडे झाले: स, त, व, च. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं या खड्ड्यात एकदा तरी चाक जात असणार. यावर उपाय आहे, वेगळं बसवायचं एक साधन मिळतं ज्याला या खुणा कळतात. पण आमचं काम त्याहून सोप्या युक्तीने झालं. शब्दाच्या सीमा शोधायच्याच नाहीत. फक्त ‘तोवाच’ एवढा तुकडा शोधायचा. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही सापडतात, ‘सूतोवाचाने, सूतोवाचामुळे, सूतोवाचानंतर’ हे प्रत्यय लागलेलेही सापडतात.

त्याआधी भाच्याने नुसतं ‘सूत’ टाकून पाहिलं होतं. सूतगिरणी, सूतक, सूतशेखर, सूतपुत्र कर्ण, सगळे दारात हजर. संध्याकाळ त्यांना घालवण्यात गेली.

सोमवार, ९ डिसेंबर

३१२ वाक्यं जमली. आनंदाने टक्केवारी काढायला बसले आणि वाचता वाचता लक्षात आलं की तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतंय. वृत्तसंस्थेची एक बातमी पाच ठिकाणी, मथळा वेगळा, आतलं वाक्य तेच. काही ठिकाणी एकाच दैनिकाच्या दोन आवृत्त्या. पक्षाच्या कार्यालयातून आलेलं पत्रक तर शब्दशः. एका पत्रकातल्या एका लेखनिकाची आवड म्हणजे पाच वर्तमानपत्रांची भाषा नव्हे.

दोन संध्याकाळी बसून दुबार वाक्यं काढली. १८७ उरली. यातली पुष्कळशी शोधखिडकीने जे वर दाखवलं ते आहेत, म्हणजे ताजी आणि राजकारणाची. रद्दी आमच्याच जिल्ह्याची. अशा ढिगाऱ्यावरून ‘मराठी वर्तमानपत्रांत इतके टक्के’ असं म्हणणं लबाडी होईल. टक्केवारीचा रकाना वहीतून खोडला. पुढे कुठे आकडा दिला तर तो फक्त माझ्या कामाचा, भाषेचा नाही.

रविवार, १५ डिसेंबर

आज नागपूरला विस्तार झाला, ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. म्हणजे निकालापासून तीन आठवडे ज्याचं सूतोवाच चाललं होतं ते घडलं. याच निमित्ताने माझे रकाने तपासायला घेतले.

सुरुवातीला चार रकाने केले होते: सूचक उल्लेख, घोषणा, आरंभ, गौप्यस्फोट. प्रत्येक वाक्य एका रकान्यात. आठवडाभर भरत होते आणि आज लक्षात आलं की मी एकाच वाक्याला सोमवारी ‘सूचक’ आणि शुक्रवारी ‘घोषणा’ लिहिलंय. रकाने माझ्या मूडवर भरले जात होते. सगळं रद्द.

नवी पद्धत: अर्थ विचारायचा नाही, शब्द बदलून बघायचा. वाक्यातून ‘सूतोवाच केले’ काढायचं आणि त्या जागी एकेक घालायचं: ‘संकेत दिले’, ‘जाहीर केले’, ‘विषय काढला’, ‘म्हणाले’. बातमीतल्या बाकीच्या मजकुराला धक्का न लागता जे बसेल ते लिहायचं. बाकीचा मजकूर महत्त्वाचा. रक्कम, तारीख, जागा दिलेली असेल तर ‘संकेत’ बसत नाही. ‘लवकरच’, ‘विचाराधीन’, ‘सकारात्मक’ असे शब्द शेजारी असतील तर ‘जाहीर’ बसत नाही.

असं केल्यावर चित्र झटकन स्वच्छ झालं. नावं-गावं काढून सांगाडे देते.

‘अमुक यांनी तमुकचे सूतोवाच केले’: इथे बहुतेकदा ‘संकेत’. हा जुना, घरंदाज वापर.

‘चर्चासत्राच्या विषयाचे सूतोवाच अमुक यांनी केले’: इथे ‘संकेत’ हास्यास्पद होतं. ‘विषय काढला’, किंवा सरळ प्रास्ताविक केलं. साहित्यसंस्थांच्या आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमवृत्तांत हा अजून जिवंत आहे. मला हा वापर सर्वांत आवडतो, आणि माझ्या ढिगाऱ्यात तोच सर्वांत तुरळक.

‘अमुक कोटींच्या निधीचे स्पष्ट सूतोवाच’: हे वाचून पेन खाली ठेवलं. सूतोवाच स्पष्ट असेल तर ते सूतोवाच कशाला? पण छापतात. रक्कम आहे, कामाचं नाव आहे, ‘जाहीर केले’ सहज बसतं.

आणि चौथा, जो मी धरलाच नव्हता: ‘येत्या काळात पक्ष स्वबळावर लढेल, असे सूतोवाच त्यांनी केले.’ इथे शब्दाने ‘म्हणाले’ची जागा घेतलीय. बातमीत ‘म्हणाले’ चारदा झालं की पाचव्यांदा ‘नमूद केले’, सहाव्यांदा ‘अधोरेखित केले’, आणि वाक्यात भविष्यकाळ दिसला की ‘सूतोवाच केले’. यात अर्थ फारसा नाही, विटाळ टाळणं आहे. शब्दांची शिवाशिव.

रविवार, २२ डिसेंबर

आज काम नव्हतं. शेजाऱ्यांकडे वास्तुशांत आणि सत्यनारायण. तीर्थप्रसादाला जरा लवकरच पोचले, पोथी चालू होती. गुरुजींनी अध्याय संपवला, शंख झाला, पुढचा अध्याय उघडला आणि म्हणाले, “सूत उवाच.”

आयुष्यभर ऐकलेलं आज पहिल्यांदा कानात शिरलं. हाच तो सूत. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी प्रश्न विचारतात आणि हा सांगतो. तो बोलायला लागला की कथा सुरू. म्हणून ‘सूतोवाच’ म्हणजे विषयाला तोंड फोडणं. साहित्यसंस्थेच्या वृत्तांतातला तो तुरळक वापर मुळाच्या सगळ्यांत जवळचा निघाला.

प्रसाद घेता घेता गुरुजींना विचारलं, तुम्ही ‘सूतोवाच’ असं जोडून का म्हणत नाही? ते म्हणाले, “ताई, गीतेत धृतराष्ट्र उवाच, अर्जुन उवाच म्हणता ना? कधी अर्जुनोवाच ऐकलंत?” बरोबर आहे. ‘सूतः उवाच’मधला विसर्ग जातो आणि दोन्ही स्वर शेजारी शेजारी तसेच राहतात, संस्कृत तिथे पुन्हा संधी करत नाही. म्हणजे ‘सूतोवाच’ हा जोड आपण मराठीत घातलेला. दीर्घ ऊकारासाठी वाद घालणाऱ्या माझ्यासारखीला हे जरा झोंबलं. शब्द जन्मतःच नियमाबाहेरचा आहे.

आणखी एक गंमत घरी येऊन सुचली. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात येतो तो उग्रश्रवा सौती, सौती म्हणजे सूताचा मुलगा. तो जे सांगतो ते त्याने स्वतः पाहिलेलं नाही. जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांनी सांगितलं, ते याने ऐकलं, आणि आता शौनकांना सांगतोय. ऐकीव, पण कुणाकडून ऐकलं त्याचा पत्ता देऊन. आपल्या बातमीत सूतोवाच करणारा मात्र मंत्री असतो, ज्याची गोष्ट अजून घडायचीच आहे. खरा सूत खाली बसून लिहून घेतोय, आणि त्याचं नाव ‘प्रतिनिधी’ एवढंच छापून येतं. भाच्याची ‘सूत्रां’ची व्युत्पत्ती चुकीची होती, पण त्याचं नाक बरोबर दिशेला होतं.

रविवार, २९ डिसेंबर

माझा एकटीचा निवाडा कितपत खरा, हे बघायला चाळीस वाक्यांच्या दोन झेरॉक्स प्रती काढल्या. एक माझ्याकडे, एक आमच्या गल्लीतल्या आप्पांकडे. आप्पा छापखान्यात आणि नंतर एका दैनिकात मुद्रितशोधक होते, आता ब्याऐंशीचे आहेत आणि कॅलेंडरवरच्या चुकासुद्धा लाल करतात.

शब्द बदलण्याची पद्धत समजावली. त्यांनी दोन दिवसांनी प्रत परत दिली ती आधी सगळीकडे ‘सु’चं ‘सू’ करून. मग उत्तरं. बहुतेक जुळली. जिथे जुळली नाहीत तिथे सगळीकडे एकच फरक: मी ‘जाहीर केले’ लिहिलं होतं, त्यांनी ‘संकेत दिले’.

“मंत्र्याने आकडा सांगितला म्हणजे जाहीर झालं असं तुला वाटतं,” आप्पा म्हणाले. “शासन निर्णय निघाला का? नाही ना? मग ते सूतोवाचच.”

यावर मी रात्रभर विचार केला. मी शब्दाकडे बघत होते, ते कागदाकडे. अंदाजपत्रकात तरतूद, शासन निर्णय, निविदा, ही पावलं पडेपर्यंत भाषणातला आकडा आप्पांच्या लेखी हवेतला. जुन्या वार्ताहरांनाही हे ठाऊक असणार. मग ‘स्पष्ट सूतोवाच’ तितकंसं वेडगळ राहत नाही: बोलणं स्पष्ट, काम अजून काहीच नाही. त्या रकान्यातल्या नऊ वाक्यांपुढे मी प्रश्नचिन्ह केलं आणि तसंच ठेवलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते इथे नोंदवून ठेवते. दीर्घ केलेला ऊकार दुसऱ्या दिवशी पुन्हा ऱ्हस्व होऊन यायचा. बातमी पाठवणारा एकच, चूक एकच. “तीस वर्षं मी एकच ऊकार लांबवत होतो,” म्हणाले.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

१८३२ साली आजच्या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आपल्याकडे हा पत्रकार दिन. तालुक्याच्या ठिकाणी सत्काराचा कार्यक्रम होता, गेले. चहाच्या वेळी एका ग्रामीण वार्ताहराला गाठलं. बावीस वर्षं बातम्या पाठवतोय, मूळ धंदा खताचं दुकान.

विचारलं, सूतोवाच कधी लिहितोस?

“मॅडम, साहेब गाडीत बसता बसता म्हणतात, ‘बघू, होऊन जाईल.’ आता याची बातमी काय करू? ‘होणार’ लिहिलं आणि झालं नाही, तर गावातले लोक माझ्या दुकानात येऊन विचारतात. ‘होणार नाही’ लिहिता येत नाही. ‘साहेब म्हणाले बघू’ लिहिलं तर साहेबांचे लोक चिडतात आणि संपादक म्हणतात यात बातमी काय. मग सूतोवाच.”

मग जरा थांबून: “त्या शब्दाने कुणाचंच वाकडं होत नाही.”

मी दीड महिना कात्रणं कापून जे मांडू बघत होते ते याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगितलं. माझ्या अनुवादातल्या अडचणीचं उत्तरही यातच होतं. बातमीत उत्तर नव्हतं, कारण ते तिथे असू नये यासाठीच शब्द निवडला होता.

रविवार, १२ जानेवारी

आज उलटा शोध. कोण सूतोवाच करत नाही?

माझ्या सगळ्या ढिगाऱ्यात शेतकरी एकदाही करत नाही. तो मागणी करतो, व्यथा मांडतो, टाहो फोडतो. न्यायालय ताशेरे ओढतं. पोलीस मुसक्या आवळतात. विरोधक टीकास्त्र सोडतात, हल्लाबोल करतात, इशारा देतात. तेच सत्तेत आले की ग्वाही देतात आणि सूतोवाच करतात. संघटना एल्गार पुकारते. जिल्हाधिकारी ‘निर्देश’ देतात, पण बदली होऊन आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनाही सूतोवाच करायला परवानगी असते. थोडक्यात, ज्याच्या हातात काही देणं किंवा वाढवणं आहे तोच हे करू शकतो.

अपवाद सापडले ते क्रीडा आणि सिनेमाच्या पानांवर: खेळाडूने निवृत्तीचे सूतोवाच केले, निर्मात्याने पुढच्या भागाचे. पण तिथेही तेच, गोष्ट त्याच्या हातातली आहे. स्त्रियांच्या नावे वाक्यं कमी दिसली. यात शब्दाचा दोष किती आणि सत्तेच्या खुर्च्यांवर बायका कमी असण्याचा किती, हे माझ्या वहीवरून सांगता येणार नाही.

घरात हा शब्द कुणी वापरतं का, तेही आठवून पाहिलं. “बाबांनी पोहे करण्याचं सूतोवाच केलंय,” असं फक्त चेष्टेत. वर्तमानपत्राचा शब्द घरात आणला की हसू येतं, म्हणजे तो वर्तमानपत्रातच राहतो याचा आणखी एक पुरावा.

शनिवार, २५ जानेवारी

आजपासून एसटीचं तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. सकाळी स्टँडवर सुट्या पैशांवरून वाहक आणि प्रवाशांची हुज्जत. मी घरी येऊन कार्डांचा गठ्ठा काढला. भाडेवाढीच्या बातम्या मी वेगळ्या रबराने बांधून ठेवल्या होत्या.

तारखांप्रमाणे लावल्यावर पायऱ्या दिसतात. आधी ‘प्रस्ताव’. मग ‘सूतोवाच’ आणि ‘संकेत’ आलटून पालटून. मग ‘अटळ’. मग ‘शिक्कामोर्तब’. मग ‘आजपासून’. ‘अटळ’ छापून आल्यानंतर एकाही कार्डावर ‘सूतोवाच’ नाही. एवढ्याच एका बातमीत शब्दाची नेमकी जागा सापडली: प्रस्ताव कागदावर आल्यानंतर आणि कुणी अंगावर घेण्याआधी.

सिंचन योजनेच्या बातमीला अशा पायऱ्याच नव्हत्या. मागे काही नाही, पुढे काही नाही. नुसतं सूतोवाच.

बुधवार, २९ जानेवारी

काम बंद करतेय. खर्च: दोन वेळची रद्दी ३०० रुपये, ई-पेपर ९९, पाकिटं-डिंक-कार्ड १६५, झेरॉक्स ४८. एकूण ६१२. डायरीतले तास मिळवले तर ७४, त्यातले वीसेक सरळ वाया: ऱ्हस्व-दीर्घ, मात्रा न कळणारा प्रोग्राम, चार रकाने. पुन्हा करायचं झालं तर ई-पेपरचे ९९ वाचवीन आणि खताच्या दुकानात आधी जाईन.

अनुवादासाठी स्वतःपुरतं ठरवलं ते असं. बातमीत रक्कम-तारीख-जागा नसेल तर ‘संकेत दिया’ ठेवायचं आणि सोबत टीप द्यायची की मूळ मराठी शब्द वार्ताहराने मुद्दाम मोघम ठेवला आहे. ‘असे सूतोवाच केले’ आणि आधी पूर्ण वाक्य असेल तर सरळ ‘कहा’. परिसंवाद असेल तर ‘विषय प्रवेश’. आप्पांच्या प्रश्नचिन्हांची नऊ वाक्यं अजून तशीच आहेत.

मग उगाच आपल्या जुन्या फाइली उघडल्या. गेल्या सहा वर्षांत हा शब्द मी तीन तऱ्हांनी हिंदीत नेला होता, आणि त्यातली सगळ्यांत जुनी तऱ्हा होती ‘घोषणा की’. संस्थेला कळवलं, दुरुस्त करून देते, पैसे नकोत. उत्तर आलं की त्या फाइली बंद झाल्या, राहू दे. सिंचन योजनेच्या वाक्याला मात्र टीप जोडून पाठवली.

‘बेवारस’ पाकीट टाकवलं नाही, कपाटात आहे. कात्री बोथट झाली. धार लावणाऱ्याचे चाळीस रुपये वरच्या हिशेबात नाहीत.